मागचं अर्धं पुस्तक

सार्थकच्या अंगावर दोन दप्तरं होती. एक नेहमीसारखं पाठीवर, आणि दुसरं उलटं, पोटावर अडकवलेलं. शाळेच्या मोठ्या गेटमधून तो बाहेर आला तेव्हा दप्तरांच्या मधून फक्त त्याचं तोंड दिसत होतं, घामानं ओलं. त्याच्या पुढे सृष्टी चालत होती, हात मोकळे, एक वेणी सुटलेली. स्कूटीवर बसल्या बसल्या योगिनीनं हे पाहिलं आणि गाडी उभी असतानाही तिनं दोन्ही ब्रेक आवळून धरले. “तिचं दप्तर तुझ्याकडे का रे?” “जड आहे. सहावीची पुस्तकं आहेत ना. तिला नाही पेलत.” शेजारी कुणाची तरी आई उभी होती, ती कौतुकानं म्हणाली, “किती समजूतदार आहे हो तुमचा मुलगा! आमच्याकडे नुसती मारामारी.” योगिनी हसली. अशा वेळी हसावंच लागतं. पण तिला भीती वाटली.

मागच्या आठवड्यापर्यंत तिची मुलं दोन गेटांतून बाहेर यायची. पाचवीपर्यंतची लहान गेटमधून, सहावीपासूनची मोठ्या. सृष्टी यंदा पाचवीत गेली होती. पण शाळेच्या मुख्याध्यापिका स्नेहा मॅडम यांनी शाळा सुरू होऊन पंधरा दिवस होताच योगिनीला आणि तिच्या नवऱ्याला, कुंदनला, बोलावून घेतलं आणि सांगितलं, की पाचवी हिच्यासाठी वाया जाणार, आम्ही हिला थेट सहावीत घ्यायला तयार आहोत, आठवडाभर बसवून बघू. सहावीची एकच तुकडी, आणि त्या तुकडीत सार्थक. सार्थक दीड वर्षानं मोठा. “भावंडं एका वर्गात असली तर उलट सोपं जातं,” मॅडम म्हणाल्या होत्या. कुंदन खुर्चीत पुढे सरकून बसला होता. योगिनीला मात्र मॅडमच्या मागच्या भिंतीकडे बघताना उगाचच ती भिंत चुकीच्या बाजूला आहे असं वाटत राहिलं. आठवडा आज संपला. दुपारीच मॅडमचा मेसेज आला होता: सृष्टी वर्गात छान रमली आहे, तुमचा होकार किंवा नकार आज संध्याकाळपर्यंत कळवा.

गंगापूर रोडला कॉलेज सुटलं होतं. गाड्यांच्या गर्दीतून वाट काढताना मध्ये बसलेली सृष्टी तिच्या कानाशी बोलत होती. “आई, शून्याच्या खाली पण संख्या असतात, तुला माहितीये? म्हणजे काहीच नसतं त्याच्यापेक्षा पण कमी असू शकतं. सरांनी विचारलं तर मला आलं. सगळ्यात आधी मलाच आलं.” तिचा श्वास गरम होता. योगिनीनं सिग्नलला मान वळवून तिच्या गणवेशाची कॉलर पाहिली. कॉलर कोरडी होती. मागचं अख्खं वर्ष ती ओली असायची, चावून चावून दोन्ही टोकांचे धागे निघालेले. चौथीच्या बाईंनी सृष्टीला सांगून ठेवलं होतं, तू हात वर करायचा नाहीस, तुला येतंच, बाकीच्यांना करू दे. मग पोर हात मांडीखाली दाबून बसायची आणि कॉलर चावायची. सोमवारी सकाळी हमखास पोटात दुखायचं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग ॲसिडिटीचं दिलं. या आठवड्यात पोटाचं नाव नाही. योगिनीला हे सगळं दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. स्कूटीच्या आरशात मागे बसलेल्या सार्थकचा एक कान आणि दप्तराचा पट्टा दिसत होता. 

योगिनीच्या लहानपणी तिसरी आणि चौथी एकाच खोलीत भरायची. मखमलाबाद गावाजवळच्या त्या शाळेला मास्तर दोनच, म्हणून एका खोलीत दोन वर्ग, आणि गोंधळ नको म्हणून तोंडं दोन भिंतींकडे. तिसरीचा फळा पूर्वेला, चौथीचा पश्चिमेला, मध्ये पाठीला पाठ लावून बसलेली पोरं. योगिनी तिसरीत, शेवटच्या रांगेत. तिचा मोठा भाऊ दीपक चौथीत, त्याचीही शेवटचीच रांग, म्हणजे दोघांच्या पाठी जवळजवळ टेकलेल्या. चौथीचं सगळं तिच्या पाठीवरून यायचं. तिचे डोळे तिसरीच्या फळ्यावर, कान चौथीत. एक दिवस सहादू गुरुजींनी चौथीला काहीतरी विचारलं, कुणालाच येईना, आणि तिच्या तोंडून उत्तर निघून गेलं, भिंतीकडे बघत बघतच. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी आणखी एक विचारलं, मग आणखी एक. मग म्हणाले, “ऊठ गं, तिकडं तोंड कर.” बस्स एवढंच. वर्ग बदलला म्हणजे तिनं नुसतं तोंड फिरवलं. आणि तोंड फिरवल्याबरोबर समोर आली ती दीपकची मान. वीतभर अंतरावर, कडक तेल लावलेले केस, मानेवर उन्हानं काळा पडलेला पट्टा. त्यानंतर कित्येक वर्षं ती त्या मानेमागेच बसली. मान ताठ आहे की खाली गेली आहे एवढ्यावरून तिला कळायचं, दादाला उत्तर येतंय की नाही.

घरी आल्यावर सार्थकनं दोन्ही दप्तरं जागच्या जागी ठेवली, हातपाय धुतले, दूध प्यायला. सांगावं लागलं नाही. योगिनी स्वयंपाकघरात उभी राहून त्याचं ते न सांगता वागणं ऐकत होती. नळ बंद झाला. ग्लास विसळल्याचा आवाज आला. इतर कुठल्या घरी या आवाजानं आईला बरं वाटलं असतं. एवढ्यात कुंदनचा फोन आला. सातपूरच्या कारखान्यात त्याच्या मागे कसलं तरी यंत्र धडधडत होतं, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. “पाठवलं का मॅडमना?” “नाही अजून.” “अगं मग कधी? इथं मी पेढे वाटून बसलोय! डबल प्रमोशन म्हटल्यावर शिफ्टचा सुपरवायझर पण दोनदा हात पुढे करून गेला.” होकार जायच्या आधी पेढे वाटणारा हा माणूस, याच्यावर धड रागावताही येत नाही. ती म्हणाली, “सार्थकचं काय?” “सार्थकचं काय? मी विचारलं त्याला. चालेल म्हणाला. समजूतदार आहे तो, तूच उगाच घोळ घालत बसतेस.” चालेल. योगिनीनं फोन ठेवला आणि ओट्याला पाठ टेकली. चालेल हा शब्द दादाही वापरायचा. पुस्तकांचं विचारलं तेव्हा तो हेच म्हणाला होता.

कारण दोघं एका वर्गात आली तेव्हा आण्णांना, म्हणजे योगिनीच्या वडिलांना, भिमाजींना, त्यात पहिली सोय दिसली ती ही, की पुस्तकं एकदाच घ्यावी लागणार. भाजी पिकवून विकणाऱ्या घरात हा विचार कुणाला वावगा वाटला नाही. वर्ग एक, घर एक, मग पुस्तकं दोन कशाला? चालेल ना रे दीपक? चालंल. चौथी गेली, पाचवी गेली, सहावी गेली. पुस्तक संध्याकाळी आधी योगिनीकडे, कारण तिचं लवकर व्हायचं, आणि मग दीपककडे. प्रत्यक्षात ते तिच्याकडेच राहायचं. ती पुढचे धडे वाचत जायची, थांबवणारं कुणी नव्हतं, आणि त्यानं कधी हाक मारली नाही. मग सातवीत ते झालं. ती विहिरीवरून आली तर ओसरीवर आण्णा उभे, हात उगारलेला, आणि दीपकच्या दोन्ही हातांत गणिताच्या पुस्तकाचे दोन तुकडे. शिवणीतून बरोबर मधोमध उसवलेले, दोरा लोंबतोय. विद्या फाडली म्हणून आण्णांचा हात आता खाली येणार, एवढ्यात दीपक म्हणाला, “योगीला मागचं पाहिजे होतं. मला अजून पुढचंच येत नाय. म्हणून दोघांला वाटून दिलं.” आण्णांचा हात वरच राहिला. मग तो खाली आला तो दीपकच्या डोक्यावर. आण्णांनी त्याला छातीशी ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या घरात कुणी कुणाला असं जवळ घेतलेलं योगिनीनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मागचं अर्धं पुस्तक तिचं झालं. त्याची सुरुवात एका अर्धवट उदाहरणानं व्हायची, प्रश्न नाही, नुसतं उत्तर. ती गोष्ट आण्णांनी मार्केटात सांगितली, पाहुण्यांत सांगितली, सत्यनारायणाला सांगितली. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा सांगितली, लग्नात कुंदनच्या माणसांना हात जोडून सांगितली: हिच्यासाठी हिच्या भावानं पुस्तक निम्मं केलं, असा भाऊ शोधून सापडणार नाही. दर वेळी तिला दादाच्या पाया पडायला लावायचे आणि ती मनापासून पडायची. दादा खाली बघायचा. वर्षभरात त्यानं मागचा भाग एकदाही मागितला नाही. परीक्षा झाली तरी नाही. आठवीनंतर मळ्यात माणूस कमी पडतंय असं त्यानंच सांगितलं, आणि शाळा सोडली. तेव्हाही सगळे म्हणाले, समजूतदार आहे. योगिनी कधी मोकळेपणानं पास झाली नाही. निकाल लागला की आनंदाच्या आत एक मान दिसायची, काळा पट्टा असलेली, खाली गेलेली. आणि आता तिच्याच घरात, तिच्याच पोटच्या पोरांत, ती सगळं पहिल्यापासून मांडायला निघाली होती. फोनवर तिनं ‘हो’ एवढं लिहिलं, पुसलं. ‘नाही’ लिहिलं. सृष्टी हॉलमध्ये जमिनीवर पालथी पडून मोठ्यानं वाचत होती, मध्येच स्वतःशीच हसत होती. तिनं तेही पुसलं.

खालून वॉचमननं इंटरकॉम केला, “मॅडम, तुमचे भाऊ भाजी ठेवून चाललेत.” हे नेहमीचं होतं. मार्केटला माल उतरवून परतताना दीपक आपली पिकअप गाडी गेटशी थांबवायचा, कापडी पिशवी वॉचमनकडे द्यायचा आणि निघून जायचा. वर यायचा तो दिवाळीला आणि राखीला. त्या पिशव्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यावर साचत गेल्या होत्या, धुऊन घडी घातलेल्या, आणि त्या त्यानं कधी परत मागितल्या नव्हत्या. “थांबवा त्यांना,” ती म्हणाली, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरली. दीपक गाडीत चढतच होता. पिशवीतून गिलकी आणि कोथिंबिरीच्या जुड्या डोकावत होत्या.

“काय गं, पळत आली? समदं ठीक हाय ना?”

“दादा, सृष्टीला सहावीत घालायचं म्हणताहेत. सार्थकच्या वर्गात.”

“आरं वा!” तो हसला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे आधी बदलले. “सार्थ्या काय म्हणतो?”

“चालेल म्हणतो. आज तिचं दप्तरसुद्धा त्यानंच आणलं.”

“चालंल म्हणतो व्हय.” दीपकनं गाडीच्या दारावरची माती नखानं खरवडली. “लोक शहाणा म्हणत असतील.”

“म्हणतात.”

तो बराच वेळ माती काढत राहिला. मागून कुणीतरी हॉर्न दिला, गाडी वाटेत होती. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. “योगे, ते पुस्तक मी तुझ्यासाठी नव्हतं फाडलं.”

“कोणतं?”

“कोणतं म्हणती! दुसरं कोणतं फाडलंय मी?” त्याचा आवाज एकदम चढला. “त्या दिवशी सरांनी फळ्यावर गणित घातलं. मला नाय आलं. मग तुला उठवलं, तू चटकन केलं. पोरं हसली. घरी आलो, पुस्तक तुझ्या दप्तरात. काढलं अन् टराटरा उसवलं. जाळून टाकणार होतो. तेवढ्यात आण्णा आले. आता कातडं लोळवणार म्हणून तोंडाला आलं ते बोललो.”

“पण आण्णांनी...”

“आण्णांनी जवळ घेतलं. आख्ख्या जन्मात एकदा. मग मी खरं सांगतोय का?” तो हसल्यासारखा झाला. “मग समदे शहाणा, शहाणा. लय शहाणा. तुझ्याशी एकदा बी भांडता नाय आलं मला. शहाणं पोरगं भांडतं का?”

योगिनीला काय वाटलं ते तिला तिथं उभ्या उभ्या नीट कळलं नाही. राग आला. इतक्या वेळा पाया पडले त्याचं काय, असं काहीतरी हलकं, लहान मुलासारखं मनात आलं.  ती म्हणाली, “मग मागचा भाग का नाही मागितलास?”

“दिलेलं कसं मागू? मी दिलेलं ना!”

“मला पुढं घालायलाच नको होतं,” ती म्हणाली.

“येडी का तू?” तो आता खरंच वैतागला. “तिसरीच्या पोरांत बसून पाटीवरची पेन्सिल खायची तू. तोंड पांढरंफेक घेऊन घरी यायची. मीच पुसायचो, आईला दिसू नये म्हणून. गुरुजींनी नसतं उठवलं तर खडू, माती, समदंच खाल्लं असतं. जाऊ दे, मागं गाडी थांबलीय.” तो चढला आणि धूर सोडत निघून गेला. निरोप म्हणून हात करायचा असतो, तोसुद्धा त्यानं केला नाही.

पेन्सिल ती साफ विसरली होती. जिना चढताना ती चव जिभेवर आली, थंड, मातकट, दातांखाली करकर. खोलीत सार्थक टेबलापाशी होता. त्यानं आपल्या टेबलाची अर्धी बाजू रिकामी केली होती, वह्या एकावर एक रचून भिंतीला सरकवल्या होत्या. “सृष्टीला लागेल ना,” तो म्हणाला. दोन्ही दप्तरं त्याच्या पायाशी होती. योगिनी पलंगावर बसली.

“सार्थक, तुला राग आलाय?”

“नाही.”

“आला असेल तर चालेल.”

“नाही आला. मी बाबांना सांगितलं ना, चालेल म्हणून.” तो वह्यांच्या कडा जुळवत राहिला. मान खाली होती. तेल नव्हतं, काळा पट्टा नव्हता, पण मान तीच होती.

“तू समजूतदार नसलास तरी मला चालेल,” ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजाची तिला भीती वाटली.

त्याचे हात थांबले. “सर तिला विचारतात आणि मग माझ्याकडे बघतात,” तो हळूच म्हणाला. “रोज बघतात. मुलं मला सृष्टीचा भाऊ म्हणतात. मी आधीपासून आहे त्या वर्गात!” आणि मग तो ओरडलाच. “दप्तर पण मीच उचलायचं तिचं!”

“कुणी सांगितलं उचलायला?”

“कुणीच नाही! नाही उचललं तर तुम्ही म्हणाल मी जळतो!” त्यानं सृष्टीच्या दप्तराला लाथ मारली. दप्तर फरशीवरून घसरत दारापाशी गेलं, पुस्तकं बाहेर आली. “मला नकोय ती माझ्या वर्गात! नकोय!”

दारात सृष्टी उभी होती. तिनं कॉलरचं टोक तोंडात धरलं होतं. “मग मी नाही जात,” ती तशीच, दातांतून म्हणाली. “मी पाचवीत बसते. मला पाचवी आवडते.” सार्थक तिच्याकडे बघत होता, छाती वर-खाली होत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ती ओळखीची शरम पसरायला लागली. आता तो वाकणार, पुस्तकं गोळा करणार, सॉरी म्हणणार. आणि योगिनीच्या जिभेवर शब्द तयार होते, आईच्या, आण्णांच्या, सगळ्या घराच्या जिभेवर असलेले: शहाणा ना तू. तिनं ते गिळले. 

“नको उचलूस,” ती सार्थकला म्हणाली. “तिचं ती उचलेल. आणि सृष्टी, तू सहावीतच जाणार आहेस. याच्यासाठी खोटं बोलायचं नाही. तोंडातली कॉलर काढ.”

“दादा माझ्याशी बोलणार नाही.”

“नाही बोलणार. राग आलाय त्याला, आणि त्याचा राग बरोबर आहे.”

“कधीच नाही बोलणार!” सार्थक किंचाळला, आणि इतक्या दिवसांनी त्याला रडू फुटलं, मोठ्यानं, नाक वाहत. योगिनीनं त्याला जवळ घेतलं. तो तिला ढकलत होता, कोपर तिच्या बरगडीत रुतत होतं, तरी तिनं सोडलं नाही. आपण करतोय ते बरोबर आहे का हे तिला माहीत नव्हतं. एका पोराचं दुखणं घालवायला दुसऱ्याला दुखवत होती, एवढं तिला स्पष्ट दिसत होतं. तो थकून गप्प झाल्यावर तिनं स्नेहा मॅडमना होकार कळवला, आणि खाली लिहिलं, दोघांना लांब लांब बसवा, आणि कृपा करून एकाचं उत्तर चुकल्यावर दुसऱ्याला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी शाळेपर्यंत कुणी बोललं नाही. सार्थक उतरला आणि मोठ्या गेटमधून तडक आत गेला. सृष्टीनं दप्तर पाठीवर घेतलं, ती पुढे वाकली, चार पावलं चालली, थांबली, पट्टे ओढले, पुन्हा चालली. योगिनीचा पाय गाडीवरून उतरला होता, तो तिनं परत वर घेतला. कालचीच बाई शेजारी होती. “आज भावानं नाही घेतलं दप्तर?”

“नाही,” योगिनी म्हणाली. “भांडलेत ते.”

 तेवढ्यात फोन वाजला. दीपक होता. सकाळी तो कधीच फोन करत नसे.

“कालची पिशवी ठेवून घेतली तू,” तो म्हणाला. आवाज तुटक होता. “मागच्या खेपेची बी तुझ्याकडंच हाय. त्याच्या मागची बी. इथं मेथी भरायला घरात एक पिशवी नाय. किती पिशव्या ठेवशील गं माझ्या?”

योगिनीनं डोळे मिटले. शाळेतून प्रार्थनेचा आवाज येत होता, त्यात कुठेतरी दोन्ही मुलं होती, लांब लांब उभी. “मग वर यायला काय होतं तुला?” ती म्हणाली, आणि तिचाही आवाज चढला. “चोरासारखा खाली ठेवून पळतोस. माझ्या घराला काय काटे आहेत?”

“तू बोलावलं कधी मनापासून?”

“मी?”

“मंग कोण?”

“ये आज,” ती म्हणाली. “ये आणि घेऊन जा तुझं सगळं.”